योजना हवामानाला काय करते, आणि हवामान योजनेला काय करतं? परभणीच्या निमित्ताने मूल्यांकनांचं वाचन

पर्यावरणीय मूल्यांकनावर संशोधन करायचं ठरलं की बरेच विद्यार्थी एका सोप्या कामापासून सुरुवात करतात. अहवालाची पीडीएफ उघडायची, 'हवामान बदल' हा शब्द शोधायचा, तो किती वेळा आला ते मोजायचं आणि तक्ता करायचा. पन्नास वेळा आला तर अहवाल चांगला, दोनदा आला तर वाईट. ही पद्धत प्रस्तावात लिहायला सोपी आहे आणि गाईडलाही पटकन दाखवता येते. पण परभणी जिल्ह्यातल्या योजनांना ती लावून बघा, ती फसते. ज्या योजनेच्या नावातच हवामान आहे तिला पैकीच्या पैकी गुण मिळतात, आणि सगळ्यात अवघड प्रश्न नेमका तिथेच झाकला जातो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपल्याकडच्या मूल्यांकनाची रचना 'योजनेमुळे पर्यावरणावर काय परिणाम होईल' एवढाच प्रश्न विचारण्यासाठी झाली आहे. हवामान बदलाच्या काळात उलटा प्रश्नही विचारावा लागतो: बदललेल्या पावसात ही योजना टिकेल का? आणि तिसरा प्रश्न आणखी अवघड आहे: बदलत्या हवामानावर उपाय म्हणून आणलेल्या गोष्टी, सगळ्या मिळून, गावाला आणखी अडचणीत टाकतील का? या प्रश्नांची उत्तरं द्यायला लागणारी माहिती जिल्ह्यात आहे. फक्त ती वेगवेगळ्या फायलींत आहे आणि त्या फायली एकमेकींशी बोलतील अशी सक्ती कुठेच नाही.

मूल्यांकन प्रकल्पाचं, योजनेचं नाही

सुरुवात कायद्यापासून करू. २००६ च्या ईआयए अधिसूचनेत एक परिशिष्ट आहे. त्यात खाणी, धरणं, कारखाने, ठरावीक आकारापुढची बांधकामं अशी यादी आहे. ही यादी प्रकल्पांची आहे. शहराचा विकास आराखडा, गावाचा आराखडा, जिल्ह्याची योजना यांना या अधिसूचनेखाली मूल्यांकन लागत नाही. युरोपात ज्याला धोरणात्मक पर्यावरणीय मूल्यांकन म्हणतात, म्हणजे प्रकल्पाच्या आधी योजनेचंच मूल्यांकन, त्याचा कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे 'स्थानिक योजनांच्या पर्यावरणीय मूल्यांकनात हवामान बदल' असा विषय घेतला तर पहिली अडचण अशी की मूल्यांकन नावाचं कागदपत्रच बहुतेक ठिकाणी सापडत नाही. मग त्याच्या जवळपासचे कागद शोधावे लागतात.

परभणीत असे तीन कागद सहज डोळ्यांसमोर येतात.

पहिला, शहराचा विकास आराखडा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २२ मध्ये आराखड्यात काय काय असावं याची यादी आहे. त्यात पूरनियंत्रण आणि नदीचं प्रदूषण रोखण्याचे प्रस्ताव येतात. आणि त्याच यादीत सखल, दलदलीच्या जागा भरून घेण्याचाही प्रस्ताव येतो. १९६६ साली सखल जागा म्हणजे डास आणि रोगराई, हे समजण्यासारखं होतं. आज अतिवृष्टीत पाणी थांबायला हीच जागा लागते. एकाच यादीतल्या दोन ओळी आता एकमेकींच्या विरोधात जातात, आणि त्यांतला वाद मिटवायला लावणारी मूल्यांकनाची पायरी कायद्यात नाही.

परभणीत २०११ पासून महानगरपालिका आहे. महानगरपालिका कायद्याच्या कलम ६७ अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरण स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. पण स्थितीचा अहवाल म्हणजे मूल्यांकन नाही. तो गेल्या वर्षी काय होतं ते सांगतो. आराखड्यातला अमुक रस्ता किंवा तमुक आरक्षण पुढच्या २० वर्षांत काय करेल, हे सांगणं त्याचं काम नाही.

दुसरा कागद म्हणजे जिल्हा पर्यावरण योजना. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये देशातल्या प्रत्येक जिल्ह्याला अशी योजना करायला सांगितलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यासाठी नमुना दिला. त्यात सात विषय आहेत: कचरा, पाण्याची गुणवत्ता, घरगुती सांडपाणी, औद्योगिक सांडपाणी, हवेची गुणवत्ता, खाणकाम आणि आवाज. हवामान बदल हा आठवा विषय नाही. दुष्काळ नाही, भूजलाची पातळी नाही, उष्णतेची लाट नाही. म्हणजे परभणीसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्याने हा नमुना अगदी प्रामाणिकपणे भरला, तरी जिल्ह्याचं सगळ्यात मोठं पर्यावरणीय दुखणं त्यात बसायला रकानाच नाही. इथे दोष जिल्ह्याच्या कार्यालयाचा नाही, नमुन्याचा आहे. अहवाल वाचताना आधी नमुना वाचा, हे त्यासाठीच सांगतोय. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर दिलं नाही म्हणून कोणाला नापास करता येत नाही.

तिसरा कागद सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्यावर जरा थांबू.

पोकरा: नावातच हवामान

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे गावोगावी ज्याला 'पोकरा' म्हणतात, तो हवामान अनुकूल शेतीचा प्रकल्प. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांसह एकूण १५ जिल्हे आणि पाच हजारांहून जास्त गावं त्यात घेतली. परभणी त्यात आहेच. प्रत्येक गावात ग्राम कृषी संजीवनी समिती, गावाचा सूक्ष्म नियोजन आराखडा, पाण्याचा ताळेबंद, आणि मग शेततळं, ठिबक, तुषार, फळबाग, शेडनेट, विहीर पुनर्भरण अशा घटकांसाठी अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात.

इथे बँकेच्या नियमामुळे मूल्यांकन झालं, आणि कागदपत्रं लोकांसाठी खुली ठेवली गेली. याचं श्रेय द्यायलाच हवं. ज्याचे कागदच मिळत नाहीत त्यावर टीकाही करता येत नाही.

पण हे मूल्यांकन कोणत्या चौकटीत झालं ते बघा. प्रकल्प मंजूर झाला तेव्हा बँकेचं जुनं धोरण लागू होतं, ओपी ४.०१. नवी चौकट ऑक्टोबर २०१८ पासून आली, म्हणजे पोकराच्या मंजुरीनंतर. जुन्या धोरणात मूल्यांकनाने काय काय लक्षात घ्यावं याची यादी आहे आणि तिच्या शेवटी 'जागतिक पर्यावरणीय बाबी' असे शब्द येतात. या बाबी म्हणजे नेमकं काय, तर तळटीप बघायची, आणि हवामान बदल सापडतो तो त्या तळटीपेत. ओझोनचा थर, आंतरराष्ट्रीय जलप्रदूषण आणि जैवविविधता यांच्या रांगेत. तळटीपेत असल्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दिशेबद्दल आहे. या रांगेत हवामान बदल म्हणजे प्रकल्पाने जगाचं केलेलं नुकसान, म्हणजे उत्सर्जन. जिंतूर किंवा सेलूतल्या शेतकऱ्याला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. त्याचा प्रश्न उलटा आहे: पाऊस असाच लहरी राहिला तर मला दिलेलं हे अनुदान पाण्यात तर जाणार नाही ना?

दुसरी गोष्ट वर्गवारीची. प्रकल्प 'ब' वर्गात बसवला गेला. याचा अर्थ परिणाम मर्यादित, त्या त्या जागेपुरते आणि बहुतांशी उलट फिरवता येण्यासारखे. एकेक शेततळं किंवा एकेक ठिबक संच पाहिला तर ही वर्गवारी अगदी बरोबर आहे. ३० मीटर बाय ३० मीटरच्या खड्ड्याला कोण 'अ' वर्ग देईल? पण गाव एकेका खड्ड्याने बदलत नाही, बेरजेने बदलतं.

शेततळ्याचं साधं गणित

बेरीज म्हणजे काय ते करूनच बघू. इथले आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, मोजमापाचे नाहीत.

शेततळं वरून ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार १:१.५ धरला तर तळ २१ × २१ मीटरचा होतो आणि साठा साधारण १,९७० घनमीटर, म्हणजे जवळपास २० लाख लिटर. मार्च ते मे हे ९० दिवस पाणी राखून ठेवलं आणि पृष्ठभागावरून दिवसाला ७ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर ६३० मिलिमीटर पाणी उडून जातं. पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, म्हणून साडेपाच लाख लिटरच्या आसपास. पातळी उतरते तसा पृष्ठभाग आक्रसतो, तेव्हा ५ लाख धरू. म्हणजे साठ्याचा पाव हिस्सा.

आता एका शिवारात अशी १०० शेततळी धरा. ५ कोटी लिटर. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. ३,००० वस्तीच्या गावाला त्या हिशोबाने रोज १ लाख ६५ हजार लिटर लागतात. म्हणजे शंभर शेततळ्यांवरून तीन महिन्यांत उडालेलं पाणी हे त्या गावाचं सुमारे ३०० दिवसांचं पाणी झालं.

यावर कोणी लगेच म्हणेल, पण ते पाणी पावसाचं होतं, ओढ्याने वाहूनच जाणार होतं. मुद्दा अगदी बरोबर, आणि सगळी मेख तिथेच आहे. शेततळं वाहत्या पाण्याने भरलं तर गावाचा फायदा. पण खाली प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरीच्या किंवा बोअरच्या मोटारीने भरलं, तर जमिनीखालचं, सगळ्यांचं असलेलं पाणी एकाने वर काढून उन्हात ठेवलं असा त्याचा अर्थ होतो. वीजही दोनदा जाते, एकदा विहिरीतून तळ्यात आणि एकदा तळ्यातून पिकाला. महाराष्ट्रात हे घडतंय हे एश्वर काळे यांनी २०१७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिलं होतं. म्हणजे पोकरा मंजूर व्हायच्या आधीच हा धोका छापून आलेला होता.

परभणीचा बराचसा भाग बेसाल्टचा. अशा खडकात पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठतं, साठा मर्यादित असतो. शेजारच्याची मोटार जास्त वेळ चालली की आपली विहीर उतरते हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोहरे वाढवण्याला आपण 'हवामान अनुकूल' म्हणणार असू, तर आडाचा हिशोब मूल्यांकनात आधी हवा.

दोन फायली

यातली गंमत अशी की हा हिशोब करण्याचं साधन पोकरातच आहे. आयआयटी मुंबईने प्रकल्पासाठी पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत तयार केली. रोजचा पाऊस, मातीचा प्रकार, पीक आणि जमिनीचा वापर घ्यायचा, आणि त्यावरून वाहून गेलेलं पाणी, मुरलेलं पाणी, पिकाने वापरलेलं पाणी आणि पडलेली तूट काढायची. हे गावपातळीवर होतं, म्हणजे ज्या पातळीवर बेरीज करायला हवी नेमकं तिथेच.

मग अडचण कुठे आहे? मूल्यांकनाची चौकट आणि पाण्याचा ताळेबंद या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. एक 'परिणाम आटोक्यात ठेवण्यासाठी', दुसरी 'नियोजनासाठी'. एकीत घटक तपासला जातो: हे शेततळं चालेल का? दुसरीत गाव तपासलं जातं: पाणी किती आहे? 'या गावात आता आणखी किती शेततळी चालतील?' हा प्रश्न दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. त्यात वैयक्तिक लाभाचे घटक शेतकऱ्याच्या ऑनलाइन अर्जावर चालतात. मग गावात किती तळी होणार हे आराखडा ठरवतो की अर्जांची संख्या? माझ्या मते या प्रकल्पावरच्या कुठल्याही टीकेचा गाभा हा प्रश्न असायला हवा.

तिसरी फाईलही आहे. हैदराबादच्या क्रीडा या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने कृषी विद्यापीठांना सोबत घेऊन प्रत्येक जिल्ह्याची आपत्कालीन पीक योजना केली आहे. परभणीला तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ घरातच. मान्सून दोन, चार, सहा, आठ आठवडे उशिरा आला तर काय पेरायचं, मध्ये खंड पडला तर काय करायचं, शेवटी पाऊस तुटला तर काय, हे त्यात पीकनिहाय दिलेलं असतं. 'हवामान योजनेला काय करेल' या प्रश्नाचा कच्चा माल हाच. गावाचा आराखडा या प्रसंगांवर घासून बघता येतो. फक्त तसं करायला कोणताही नियम सांगत नाही.

सरासरी पाऊस ही पळवाट

ताळेबंद असो की मूल्यांकन, कोणत्या पावसावर बेतलंय हे आधी शोधा. भारतीय हवामान विभागाने २०२२ मध्ये सरासरीचा काळ बदलून १९७१ ते २०२० केला आणि देशाची मान्सूनची सरासरी ८८ वरून ८७ सेंटिमीटरवर आली. एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण शेतकरी सरासरीवर पेरत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडात अतिवृष्टीने उभी पिकं पाण्याखाली गेली. एका वर्षी सोयाबीन फुलात असताना पावसाने ओढ दिली, दुसऱ्या वर्षी शेंगा भरताना पाणी साचलं. या दोन वर्षांची सरासरी काढून योजना आखली तर ती कुठल्याच वर्षाला लागू पडणार नाही.

मग कायदा झाला की प्रश्न सुटेल?

आपल्याकडे योजनांच्या मूल्यांकनाचा कायदा नाही म्हणून सगळं अडलंय, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण कायदा असलेल्या ठिकाणीही जरा बघून या. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात योजनेच्या अहवालात 'हवामानविषयक घटक' आणि एकत्रित परिणाम दोन्ही तपासायला सांगितलंय. वाजवी पर्याय मांडणंही बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये २००८ च्या कायद्याने स्थानिक आराखड्यांत हवामान बदल रोखण्याची आणि त्याच्याशी जुळवून घेण्याची धोरणं असणं सक्तीचं केलं. तरीही तिथल्या अहवालांत नेहमीचं चित्र म्हणजे एक मोठा तक्ता, उभ्या बाजूला धोरणं, आडव्या बाजूला उद्दिष्टं, आणि चौकटींत अधिक-उणे चिन्हं. हवामानाच्या रकान्यात एक अधिक पडलं की काम झालं. म्हणजे रकाना नसण्याचा आजार आपला, आणि रकाना भरून मोकळं होण्याचा आजार त्यांचा. पर्याय मांडण्याची सक्ती मात्र घेण्यासारखी आहे. 'शंभर शेततळी' आणि 'पन्नास शेततळी अधिक विहीर पुनर्भरण, शिवाय उन्हाळी पिकावर गावाने घातलेली मर्यादा' असे दोन पर्याय शेजारी ठेवले, की ताळेबंद आपोआप मूल्यांकनात येतो.

माझ्या टीकेवर एक रास्त आक्षेप आहे. कृषी सहाय्यकाकडे आधीच कितीतरी गावं आणि योजना असतात, त्याच्यावर आणखी एक तपासणी कशी लादायची? खरं आहे, म्हणूनच मी नवा अहवाल मागत नाही. ताळेबंद आहे, आपत्कालीन योजना आहे, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. या तिन्हींच्या आधारे गावाच्या आराखड्यावर एकच ओळ लिहिली जावी: खंडाच्या वर्षात या गावाला किती साठवण झेपते. आणि त्या आकड्यानंतर अर्ज थांबावेत.

वाचताना विचारायचे प्रश्न

शब्द मोजण्याऐवजी कोणत्याही मूल्यांकनाला हे पाच प्रश्न विचारा.

१. दिशा कोणती? योजनेचा हवामानावर परिणाम तपासलाय, हवामानाचा योजनेवर, की दोन्ही?

२. कोणता पाऊस धरलाय? सरासरी, एखादं ठरावीक वर्ष, की खंड आणि अतिवृष्टीचे वेगळे प्रसंग?

३. बेरीज कोणत्या पातळीवर केलीय? शेत, गाव, की पाणलोट?

४. पर्याय मांडलेत का? 'योजना नसती तर' हासुद्धा एक पर्याय असतो.

५. मूल्यांकनामुळे योजनेतला एखादा तरी निर्णय बदलला का? कुठला घटक गाळला, कुठला आकडा कमी केला?

पाचवा प्रश्न सगळ्यात कठीण, कारण त्याचं उत्तर अंतिम अहवालात सापडत नाही. त्यासाठी मसुदा आणि अंतिम आराखडा शेजारी ठेवावे लागतात, समितीच्या बैठकांचं इतिवृत्त मागावं लागतं, कधी माहितीचा अधिकार वापरावा लागतो. पण प्रबंध उभा राहतो तो याच प्रश्नावर.

संशोधनाचा विषय शोधत असाल तर एक सुचवून ठेवतो. परभणी जिल्ह्यातली पोकरातली दहा गावं आणि पोकराबाहेरची तशीच दहा गावं घ्या. उपग्रहाच्या चित्रांवर मे महिन्यात पाणी असलेली शेततळी मोजता येतात, कारण उन्हाळ्यात भरलेलं शेततळं आणि आटलेला ओढा हे दोन्ही एकाच चित्रात दिसतात. त्याला निरीक्षण विहिरींच्या नोंदी जोडा आणि गावच्या ताळेबंदाशी ताडून बघा. त्यातून ती तळी ओढ्याच्या पाण्याने भरली की विहिरीच्या, याचा अंदाज बांधता येईल. 'हवामान अनुकूल' हा शब्द मग कागदावर किती वेळा आलाय हे मोजायची गरज उरणार नाही.